पुढच्याला सांगून जा

मंगळवार, १८ जून २०४१ रोजी सकाळी साडेदहा ते दुपारी दोन या वेळेत खिडकी क्रमांक चारवर एकही विद्यार्थी आला नाही. आधीच्या एकोणीस कामकाजाच्या दिवसांतही आला नव्हता. खिडकीच्या चौकटीत बसवलेला मोजणी-डोळा हा आकडा रोज संध्याकाळी प्राचार्यांकडे पाठवत असे. सलग तीस दिवस शून्य आले की खिडकी बंद करायची, असा ठराव व्यवस्थापनाने फेब्रुवारीत केला होता.

खिडकीमागे पद्मजा मगदूम बसल्या होत्या. वय चौपन्न, नोकरी तेवीस वर्षे, पद अभ्यासक्रम माहिती सहायक. सांगलीच्या त्या महाविद्यालयात बीबीए करणाऱ्या मुलांना मेजर कधी निवडायचा, मायनर बदलता येतो का, कुठल्या विषयाआधी कुठला विषय सुटावा लागतो, क्रेडिट कमी पडले तर काय, हे सांगणे त्यांचे काम. एके काळी जूनमध्ये या खिडकीसमोरची रांग जिना उतरून सायकल स्टँडपर्यंत जायची. आता दिवसातला पहिला शब्द बोलताना त्यांचा घसा खरखरत असे. विश्रामबागेतल्या घरीही बोलायला कोणी नव्हते. पती सात वर्षांपूर्वी गेले होते, मूलबाळ नव्हते.

"पद्माताई, खिडकीत चिमणीनं घरटं बांधलं तरी तुम्हाला हलायला लागायचं नाही," कार्यालय अधीक्षक इरफान नदाफ चहाचा कप ठेवत म्हणाले.

"चिमणी आली तर मोजणीत धरतील का, तेवढं विचारून ठेवा."

"विचारलं. माणसाएवढी उंची लागते. समोर उभं राहून दोन मिनिटं बोलावं लागतं. मग कोण का असेना, विद्यार्थी म्हणून लागतो."

पद्मजाबाईंची एक पद्धत होती. नोकरीच्या पहिल्याच जूनमध्ये त्यांचा आवाज बसला होता आणि समोर दोनशे मुले उभी होती. तेव्हा त्यांनी पहिल्या मुलाला कसेबसे सांगितले आणि खूण केली, आता तू पुढच्याला सांग. मुलगा मागे वळून सांगू लागला आणि तिसऱ्या वाक्याला चुकला. समोर मान डोलावणाऱ्याला काय कळलेले नाही, ते तो दुसऱ्याला सांगू लागला की ऐकू येते, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आले. आवाज परत आला, पद्धत राहिली. खिडकी सोडण्याआधी प्रत्येकाने मागच्याला सांगायचे, बाई ऐकणार, चुकले की थांबवणार. क्रेडिट न मिळणारा ऑडिट कोर्स फक्त ऑडिटर होणाऱ्यांनी घ्यायचा असतो, असे सांगणारा एक तरी दरवर्षी निघायचा आणि अख्खी रांग हसायची. चुकांची त्यांनी एक वही केली होती. त्या रांगेत ओळख झालेल्या दोघांच्या लग्नाची पत्रिकाही एकदा खिडकीवर आली होती.

तीन वर्षांपूर्वी 'सुबोध' आले आणि रांग संपली.

सुबोधमागचे शास्त्र नवे नव्हते. वाचताना किंवा ऐकताना मेंदू पुढच्या शब्दाचा अंदाज बांधत असतो. अंदाजात न बसणारा शब्द आला, की सुमारे चारशे मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरींत एक ठरावीक खळगा उमटतो. हे साठ वर्षांपासून माहीत होते. पूर्वी तो खळगा टिपायला डोक्यावर तारांची टोपी घालून प्रयोगशाळेत बसावे लागे. आता कानामागे चिकटवायची नखाएवढी पट्टी पुरत होती. मुले तिला टिकली म्हणत. विद्यार्थी अभ्यासक्रमाची माहितीपुस्तिका उघडे, वाचू लागे, आणि ज्या शब्दावर मेंदू अडखळे तो शब्द पट्टी यंत्राला कळवी. यंत्र वाक्य बदले. पुन्हा अडखळला तर पुन्हा बदले. एकही खळगा उरला नाही की पान पूर्ण झाले. नियम बदलायची यंत्राला परवानगी नव्हती. शब्द, क्रम आणि उदाहरणे बदलायची होती.

परिणाम असा झाला की महाविद्यालयातल्या चार हजार विद्यार्थ्यांकडे चार हजार वेगवेगळ्या पुस्तिका होत्या आणि सर्वांचे आकलन पंच्याण्णव टक्क्यांच्या वर होते.

बुधवारी सव्वाअकराला एक मुलगी खिडकीशी आली. आधी ती पाटीकडे पाहत बाजूला उभी राहिली. मग वाकून म्हणाली, "मॅडम, इथं विचारलेलं चालतं का?"

पद्मजाबाईंनी घसा साफ केला. "त्यासाठीच आहे. बोल."

तिचे नाव अन्वी बिरादार. जत तालुक्यातल्या उमदीची. वडिलांचे बेदाण्याचे शेड होते. दोन वर्षे ती वसतिगृहात राहून बीबीए करत होती आणि तिसऱ्या वर्षासाठी तिने पुरवठा साखळी हा मेजर ठरवला होता.

"माझं टाइमटेबल दिसंना झालंय. सोमवारपासून वर्ग आहेत न्हवं? सगळ्यांचं आलंय."

पद्मजाबाईंनी तिचा क्रमांक टाकला. पडद्यावर एक ओळ आली. *पदविका प्रदान. कार्यक्रमातून बाहेर. दिनांक ३० एप्रिल.* त्याखाली आणखी एक ओळ होती. *रिक्त जागा प्रतीक्षा यादीतून भरली, १० जून.*

"तू एप्रिलमध्ये एक्झिटचा पर्याय घेतलास?"

"एक्झिट? नाही हो. मी पदविका घेतली. दोन वर्षं झाली की मिळते न्हवं? घेऊन ठेवावी म्हटलं. आप्पांना दाखवायला पण झाली असती."

"आत ये," पद्मजाबाई म्हणाल्या. "शेजारच्या दारानं. आधी पाणी पी."

अन्वी आत येऊन स्टुलावर बसली. पद्मजाबाईंनी खणातून मूळ नियमावली काढली. छापील प्रत महाविद्यालयात एवढी एकच उरली होती. नियम बाविसावा एका वाक्याचा होता. *द्वितीय वर्षाअखेर पदविका घेऊन कार्यक्रमातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यास, जागा उपलब्ध असल्यास, तीन वर्षांच्या आत तृतीय वर्षात पुनःप्रवेश घेता येईल.*

"आता तुझी पुस्तिका दाखव."

अन्वीच्या मोबाइलवर तो नियम एका जागी नव्हता. पान चौदावर होते, 'दोन वर्षे पूर्ण झाली की तुला पदविका घेता येते.' त्याखाली द्राक्ष आणि बेदाण्याचे उदाहरण होते. पान पंधरावर होते, 'पदविका घेतल्यावरही तिसऱ्या वर्षाला शिकता येते.' पान सव्विसावर, वसतिगृहाच्या माहितीनंतर, 'प्रवेश जागा असतील तसे दिले जातात' आणि 'पुन्हा प्रवेश घ्यायला तीन वर्षांची मुदत असते.' चारही वाक्ये खरी होती. 'बाहेर पडणे' हे शब्द कुठेच नव्हते.

पद्मजाबाईंनी ती पाने दोनदा वाचली. मग छापील नियम तिच्यापुढे सरकवला. वाचता वाचता अन्वीचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी कॉलेज सोडलं?"

"कागदावर सोडलंस."

"पण मला समजलं होतं, मॅडम. नव्व्याण्णव टक्के आलं होतं मला."

"वर्गात कुणाला विचारलं नाहीस?"

"कुणाला विचारायचं? प्रत्येकाचं पुस्तक वेगळं. माझं पान पंधरा दुसऱ्याकडं चाळीस असतंय, त्यात काय दुसरंच असतंय. आणि विचारलं तर म्हणतात, काय गं, टिकली पडली का तुझी? दोन वर्षांत मी कुणाला काय विचारलंच नाही. लागलंच नाही विचारायला."

त्या दुपारी पद्मजाबाईंनी नदाफांकडून अन्वीच्या वाचनाची नोंद मागवली. सुबोध प्रत्येक बदलाची वेळ लिहून ठेवत असे. १२ एप्रिल, सकाळी आठ वाजून चार मिनिटे. शब्द, 'बाहेर पडणे'. अडथळा तीव्र. बदल, 'निरोप घेणे'. अडथळा तीव्र. 'थांबणे'. अडथळा मध्यम. 'विराम'. अडथळा मध्यम. असे चौदा प्रयत्न होते. पंधरावा, 'पदविका घेणे'. अडथळा नाही. आकलन पूर्ण.

नदाफ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाचत होते. "यंत्रानं काम तर चोख केलंय."

"तेच तर," पद्मजाबाई म्हणाल्या. "पोरगी चौदा वेळा अडली, सर. चौदा वेळा हात वर केला तिनं."

दोष कुठे होता, हे त्यांना तेवीस वर्षांच्या वहीमुळे कळत होते. चुकीची समजूत असताना मेंदू त्या समजुतीवर अडखळत नाही. ती समजूत मोडणाऱ्या शब्दावर तो अडखळतो. पदविका मिळते आणि शिक्षण चालू राहते, असे अन्वीने मनात धरले होते, म्हणून 'बाहेर पडणे' तिला टोचत होते. खिडकीवर आली असती तर तिने त्याच शब्दापाशी "म्हणजे काय?" विचारले असते. यंत्राने टोचणारा शब्द काढून टाकला आणि समजूत जशीच्या तशी ठेवली. अडखळणे संपले की कळले, असे ते मोजत होते.

तक्रार समिती सोमवारी, २४ तारखेला बसणार होती. जागा परत मिळायची तर त्याच दिवशी, कारण वर्गही त्याच दिवशी सुरू होत होते. नाही मिळाली तर पुढच्या वर्षी, आणि तेव्हाही जागा असल्यास. अन्वीने घरी अजून सांगितले नव्हते. आप्पांनी पदविकेची चौकट करून शेडच्या कार्यालयात लावली होती. एक वर्ष घरी बसलेल्या मुलीला पुन्हा सांगलीला पाठवायचे की नाही, याचा निर्णय उमदीत ती घेणार नव्हती. हे तिने पद्मजाबाईंना एकदाच सांगितले, खाली बघत.

शुक्रवारी पद्मजाबाईंनी एक्झिट घेतलेल्यांची यादी काढली. ३० एप्रिल, दुपारी तीन ते तीन चाळीस, एकसष्ट अर्ज. प्रत्येकावर माहिती कक्षाची संमती आणि पद्मजाबाईंचीच सही. नियमावलीच्या शेवटी कार्यालयीन सूचना होत्या. त्यातली नववी त्यांनीच पंधरा वर्षांपूर्वी आग्रहाने घालून घेतली होती. *बाहेर पडण्याचा अर्ज स्वीकारण्यापूर्वी माहिती सहायकाने विद्यार्थ्यास समक्ष बोलावून, नियम त्याच्याच तोंडून वदवून घ्यावा.* ती सूचना कोणी रद्द केली नव्हती. त्या दिवशी पडद्यावर प्रत्येक नावापुढे आकलनाचा आकडा होता, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, सत्त्याण्णव. त्यांनी एकालाही बोलावले नव्हते.

बाकीच्या साठ जणांना त्यांनी संध्याकाळपर्यंत फोन केले. एकवीस जणांनी उचलला. नियम समजला होता का, असे विचारल्यावर एकवीसही जण म्हणाले, हो, समजला होता. आता तुमच्या शब्दांत सांगा, म्हटल्यावर सतरा जणांनी काम आहे म्हणून फोन ठेवला. चौघांनी सांगितले. दोघांनी बरोबर सांगितले.

शनिवारी त्यांनी निवेदन लिहिले आणि आवक-जावकला देण्याआधी नदाफांना दाखवले. नदाफांनी वाचून दार लोटले.

"ताई, हे देऊ नका. यंत्राविरुद्ध लिहा, मी पण सही करतो खाली. हे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिलंय."

"यंत्राबद्दलही लिहिलंय. दुसरं पान बघा."

"दुसरं पान कोण वाचतंय? पहिल्या पानावर माणूस सापडला की समिती दुसरं पान उलटत नाही. तुमची चार वर्षं राहिलीत. त्या पोरीला तुम्ही ओळखता किती? तीन दिवस."

"तीन दिवस म्हणजे पुष्कळ झालं, सर," पद्मजाबाई म्हणाल्या. "या वर्षात माझ्याशी तीन दिवस सलग बोललेलं दुसरं कुणी नाही. तुम्ही सोडून. आणि तुम्ही चहापुरतं."

 नदाफांनी कागद परत दिला.

समिती प्राचार्यांच्या दालनात बसली. प्राचार्य डॉ. अभिनंदन खोत, दोन सदस्य, आणि पडद्यावर सुबोध पुरवणाऱ्या कंपनीची अभियंता. अन्वी भिंतीजवळच्या खुर्चीत होती. अभियंता बाईंनी चौदा प्रयत्नांचा आलेख दाखवला आणि पंधराव्यावर बोट ठेवले. "इथे खळगा शून्य आहे. विद्यार्थिनीला प्रत्येक वाक्य समजले होते. वाक्ये नियमाशी विसंगत आहेत, असे कोणी दाखवून द्यावे."

कोणालाच दाखवता आले नाही, कारण ती विसंगत नव्हती.

"माझी एक विनंती आहे," पद्मजाबाई म्हणाल्या. "बाहेरच्या वऱ्हांड्यातली कुठलीही पाच मुलं बोलवा. एकापाठी एक उभी करा. पहिल्यानं बाविसावा नियम दुसऱ्याला सांगायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याला. दहा मिनिटं लागतील."

"त्यातून काय सिद्ध होईल?" अभियंता बाईंनी विचारले. "मुलांना बोलण्याची सवय नाही, एवढंच."

ते खरे होते, आणि मुले बोलावली गेली नाहीत.

डॉ. खोतांनी निवेदनाचे पहिले पान पुन्हा वाचले. ते कठोर गृहस्थ नव्हते. त्यांना मुलीला जागा द्यायची होती, आणि देण्यासाठी नियमात बसणारे कारण हवे होते. "मगदूम मॅडम, नवव्या सूचनेप्रमाणे तुम्ही हिला समक्ष बोलावलं होतं?"

"नाही."

"का नाही?"

"आकडा बघितला. विचारायची गरज वाटली नाही. नुसतं तेवढंच नाही, सर. तीन वर्षांत कुणी फारसं आलं नव्हतं. कसं बोलवायचं, याची सवय राहिली नव्हती."

शेवटचे वाक्य इतिवृत्तात घेतले गेले नाही. निर्णय दुपारी चार वाजता लागला. माहिती सहायकाच्या हलगर्जीपणामुळे विद्यार्थिनीचे नुकसान झाल्याने तिला तृतीय वर्षात एक अतिरिक्त जागा मंजूर. प्रणालीत दोष आढळला नाही. मानवी चूक पुन्हा होऊ नये यासाठी सूचना क्रमांक नऊ रद्द. खिडकी क्रमांक चार २९ जूनपासून बंद. श्रीमती मगदूम यांची बदली उत्तरपत्रिका भांडारात. उरलेल्या साठ जणांचा विषय समितीपुढे नव्हता.

शुक्रवार, २८ जून. दीड वाजता अन्वी खिडकीशी आली. पद्मजाबाई खण रिकामा करत होत्या. छापील नियमावली, चुकांची वही, खोकल्याच्या गोळ्यांची डबी.

"मॅडम, तुम्ही माझ्यासाठी खोटं लिहून दिलं म्हणं. सगळे म्हणायलेत."

"सगळे म्हणजे कोण? तुझ्याशी कोण बोलतंय?"

अन्वीला हसू आले. "नदाफ सर."

"त्यांना सांग, एक अक्षर खोटं नाही. विचारायचं होतं, विचारलं नाही." त्यांनी डबी पिशवीत टाकली. "तिसऱ्या वर्षाचे नियम वाचलेस का?"

"वाचले. समजले," अन्वी म्हणाली. आणि तो शब्द तिला स्वतःलाच खटकला.

अन्वीने कानामागे नख घालून टिकली काढली आणि खिडकीच्या फळीवर ठेवली. "ते पुस्तक द्या."

पद्मजाबाईंनी छापील नियमावली पुढे केली. नियम एकतिसावा इंटर्नशिपचा होता. अन्वी सावकाश वाचू लागली. दुसऱ्या ओळीला थांबली, मागे गेली, पुन्हा वाचली. "'पाचव्या सत्राच्या समाप्तीपूर्वी नोंदणी न केल्यास...' म्हणजे सहाव्यात केली तर चालत नाही?"

"तूच बघ."

"नाही चालत. पण मग पुढं लिहिलंय, 'प्राचार्यांच्या अनुमतीनं'... हां. म्हणजे चालते, पण विचारून." तिने पान मिटले. सात ओळींना तिला सहा मिनिटे लागली होती.

"झालं? मग आता पुढच्याला सांगून जा."

अन्वी मागे वळली. वऱ्हांड्यात पस्तीस-चाळीस मुले होती. कोणी खांबाला टेकून, कोणी जिन्यावर, प्रत्येक जण आपापल्या पडद्यात पाहत होता. प्रत्येकाच्या कानामागे बारीक हिरवा ठिपका होता, म्हणजे कोणीही कुठेही अडलेले नव्हते. अन्वीने जवळच्या एका मुलाला म्हटले, "ऐक ना, इंटर्नशिपचं तुला..." तो हसला, कानामागे बोट लावून टिकली आहे अशी खूण केली आणि पुढे गेला.

ती परत खिडकीकडे वळली तेव्हा आतली खुर्ची रिकामी होती.

पद्मजाबाई अभिलेख कक्षातून फिरून बाहेर आल्या. तेवीस वर्षांत त्या या बाजूला उभ्या राहिल्या नव्हत्या. खिडकीचे भोक त्यांना वाटत होते त्याहून खाली होते. इतकी वर्षे प्रत्येक मुलाला वाकून बोलावे लागले असणार, हे त्यांना आत्ता दिसले. त्या अन्वीच्या मागे, रांगेत उभे राहावे तशा उभ्या राहिल्या. पिशवी खाली ठेवली.

"मी आहे पुढची. सांग."

अन्वीने एकदा मागे, वऱ्हांड्याकडे पाहिले. मग सांगू लागली. आधी हळू, मग जरा मोठ्याने. तिसऱ्या वाक्याला पद्मजाबाईंनी हात वर केला.

"थांब. हे नाही कळलं मला. परत सांग."

त्या संध्याकाळच्या अहवालात खिडकी क्रमांक चारवर दोन विद्यार्थी आल्याची नोंद आहे.